ताणाच्या बागेचा पंचनामा

माझ्या भावाला वेडा म्हणणारी बहुतेक माणसं आता वर गेली. मी अजून आहे. तेव्हा ही हकिगत माझ्याच तोंडून ऐकावी लागेल, आणि मी ती कुणाची भीड न धरता सांगणार आहे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सातवी पास होऊन फौजेत गेला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर तीन पावसाळे काढले आणि लढाई संपल्यावर पांढुर्ण्याला परत आला. हातपाय जागच्या जागी होते. लोकांचा जरा हिरमोडच झाला. लढाईवरून आलेल्या माणसाचं काहीतरी तुटलेलं असावं अशी त्यांची अपेक्षा. मग हळूहळू त्यांना सापडलं. दार आपटलं की दादा भिंतीला पाठ लावून उभा राही. कुणाकडे बसायला गेला तर दाराकडे तोंड करूनच बसे. बोलता बोलता मध्येच गप्प होई आणि थंडीतसुद्धा त्याच्या कपाळावर घाम येई. एवढं पुरलं. गावाने ठरवून टाकलं, फौजी सरकला.

गंमत अशी की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या खेळात नदीच्या दोन्ही काठांवरून दगड उडत, डोकी फुटत, आणि त्या गर्दीत, पुढे पोलीस झाल्यावर, ड्यूटीवर दादा शांत उभा असे. त्याला घाबरवत ते मालगाडीचे डबे, शंटिंगच्या वेळी एकमेकांवर आदळणारे. आणि या शहाण्याने घर भाड्याने घेतलं ते रेल्वे लायनीला लागून! मी डोकं धरून बसले. "काहून घेतलं हे घर?" म्हटलं. तर म्हणाला, "पाहू ना बाई, आधी कोण थकते. थे का मी." दहा वर्षांत दोघंही थकले नाहीत.

फौजेतून आलेल्यांना तेव्हा पोलिसात घेत. दादा लागला आणि यथावकाश हेड कॉन्स्टेबल झाला. लोक जमादार म्हणत. आई-वडील तो आघाडीवर असतानाच गेले होते. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. माझं लग्न झालं नाही याचंही खापर लोकांनी दादाच्या डोक्यावर फोडलं. खरी गोष्ट अशी की आलेल्या स्थळांपैकी एकही माणूस मला धड वाटला नव्हता. शेजारच्या काकू आठवड्यातून एकदा तरी सांगत, "त्याले जामसांवलीले ने, मारुतीपुढं बसव, उतरते." एकदा नेलंही. दादा त्या आडव्या निजलेल्या मारुतीपुढे तासभर निवांत बसला आणि परतताना म्हणाला, "देव सोता झोपला हाये. त्याले कायले उठवायचं आपल्यासाठी?" काकूंना मी सांगितलं, उतरलं. त्यानंतर महिनाभर त्यांनी विषय काढला नाही.

तपासाच्या कामात मात्र दादासारखा माणूस त्या टापूत नव्हता. भीतीने त्याला पाहायला शिकवलं होतं. कुठेही शिरला की दारं किती, कोण कुठे बसलंय, कोणती वस्तू जागेवरून हललेली आहे, हे त्याला आधी दिसे, माणसं मागून. हरवलेली गाय असो की कापसाच्या जिनातून गेलेला मशीनचा पट्टा, दादा जाई, उभा राहून पाही आणि फारसं काही न विचारता परत येई. नंतर जे सांगे ते बरोबर निघे.

फक्त त्याला लिहिता येत नव्हतं. अक्षरओळख नव्हती असं नाही, एके काळी त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. काठी धरताना, संत्रं सोलताना, दाढी करताना त्याचा उजवा हात अगदी स्थिर. पण टाक कागदावर टेकला की तोच हात थरथरू लागे आणि मग थांबत नसे. सही तेवढी तो एका झटक्यात ओढून टाकी. ज्याला लिहिता येत नाही असा जमादार कोण ठेवील? म्हणून त्याचे कागद मी लिहीत असे. शाळा सुटल्यावर, उजेड असेतो, ओसरीवर बसून तो सांगे आणि मी उतरवून घेई. माझं शाळेतलं अक्षर गोल. दादासाठी मी वेगळं वळण बसवलं, उभं, कोरडं, पुरुषी. नऊ-दहा वर्षं हे चाललं. जुने ठाणेदार ओळखून असावेत, पण ते काम पाहत, अक्षर नाही.

मला भीती एकाच गोष्टीची होती. हे उघडं पडलं तर दादाची वर्दी जाईल, आणि वर्दी गेली की दादाही हातचा जाईल. सकाळी कमरेला पट्टा आवळला की तो माणसांत येई. सुटीच्या दिवशी पट्टा खुंटीला असे, तेव्हा तो घरभर फिरे, एका जागी बसत नसे, जेवताना अर्ध्यातून उठे. ती वर्दी टिकावी म्हणून मी वाटेल ते केलं असतं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्य फुटलं. आमचं सगळं नागपूरचं होतं. बाजार नागपूरचा, सोयरीक नागपूरची, कचेरीचे कागद नागपूरचे. आणि एका सकाळी नागपूरच दुसऱ्या राज्यात गेलं. आमची राजधानी भोपाळ झाली. भोपाळला कोणती गाडी जाते हे विचारायला माणसं स्टेशनावर येत. तिकडची गाडी तर रोज त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. शाळेत आम्हा मास्तरणींमध्ये रोज वाद होई. आता आपलं कसं, असं कुणी रडत म्हणालं की मला चीड येई. मी म्हणे, रेघ त्यांनी नकाशावर ओढली आहे, माझ्या जिभेवर नाही ओढली.

जुन्या ठाणेदारांनी नागपूरकडे बदली मागून घेतली. नवे आले ते नर्मदेपलीकडचे, गव्हाच्या मुलखातले. माणूस वाईट नव्हता. कामसू, वक्तशीर, लाच न खाणारा. पण आमच्या मुलखाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांना कागद हिंदीत हवे होते. मी दादाचे अर्ज आणि अहवाल हिंदीत उतरवू लागले. पंचनामा मात्र दादा मराठीतच सांगे. "जसं पाहिलं तसं लेहायचं," म्हणे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सौंसर रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत मालक विहिरीत मेलेला सापडला. साठीचा, एकटा राहणारा, तापट माणूस. बागेत राखणदार आणि त्याची बायको झोपडी करून राहत. सकाळी पाणी शेंदायला गेलेल्या त्या बायकोला प्रेत दिसलं. ठाणेदार त्या दिवशी छिंदवाड्याला गेले होते, म्हणून दादा गेला. शेजारच्या बागांचे दोन मालक पंच म्हणून घेतले. दुपारी तो घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "घे बाई, लेह." मी लिहिलं. संध्याकाळी दोन्ही पंचांच्या घरी जाऊन त्याने सह्या घेतल्या.

तो पंचनामा मला आजही पाठ आहे. प्रेत, डोक्यावरची जखम, कपडे, हे होतंच. त्यापुढे होतं: बाग ताणावर. आळ्यांतली माती कोरडी, बोट जाईल एवढ्या भेगा. पाटात वाळलेली पानं, न भिजलेली. मोट झोपडीच्या आढ्याला टांगलेली, कातडं वाळून कडक. विहिरीवरच्या मोटेच्या चाकापासून खांबापर्यंत कोळ्याचं जाळं, अखंड. बैल मोट ओढतात त्या उतारावर खुराचा ताजा ठसा नाही. विहिरीच्या काठाशी बुटाच्या टाचेचा ठसा एक. राखणदार अनवाणी, मयताच्या पायात वहाणा.

संत्र्याच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संत्र्याला आंबिया बहार, आंब्याच्या मोहराबरोबर येणारा, हवा असेल तर थंडीत बागेचं पाणी तोडावं लागतं. महिना-सव्वा महिना एक थेंब द्यायचा नाही. याला ताण देणं म्हणतात. पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात. मालकाचा जीव खालीवर होतो, तरी हात आवरून बसायचं. मग जानेवारीत पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. मध्येच कुणाला दया आली आणि पाणी दिलं, तर झाडं नुसती पालवतात, फूल धरत नाहीत, आणि वर्ष वाया जातं. म्हणून ताणाच्या दिवसांत मोट उतरवूनच ठेवतात. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरींनाही ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते मयताच्या पुतण्याला. तो लहानपणापासून नागपुरात वाढलेला, कापडाच्या दुकानात बसणारा. मयताला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बाग आता याचीच होणार होती. सोमवारी ठाण्यात येऊन त्याने नव्या ठाणेदारांपुढे जबानी दिली. शनिवारी संध्याकाळी तो गाडीतून उतरून बागेवर गेला होता. झाडं वाळून चालली म्हणून काका राखणदारावर चिडले होते आणि त्याला मोट हाकायला लावली होती. मोटेवरच दोघांची जुंपली. नसत्या भांडणात पडायला नको म्हणून हा वाटेवरूनच परत फिरला. बस, एवढंच त्याने पाहिलं होतं.

ठाणेदार बागेत गेले. पिवळी पानं, भेगाळलेली जमीन. त्यांच्या मुलखात असं शेत दिसलं तर ते कामचुकार गड्याचंच असणार. राखणदार हात जोडून सांगत होता, "ताण देल्ला जी साहेब, मालकानंच सांगतलं होतं." साहेबांना ती सबब वाटली. बाग वाळवली, मालक रागावला, याने त्याला ढकललं, असा त्यांचा हिशोब बसला आणि राखणदार कोठडीत गेला.

आता कुणी म्हणेल, गावातल्या एकानेही ठाणेदारांना सांगितलं नाही? नाही सांगितलं. चहाच्या टपरीवर सगळे एकमेकांना सांगत होते. ताणात मोट हाकली म्हणते, असं म्हणून मांडीवर थाप मारून हसत होते. पण पुतण्या आता बागमालक होणार, शेजाऱ्यांची वाट त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणार, आणि पोलिसाला आपणहून काही सांगायला जाणं आमच्याकडे शहाणपणाचं समजत नाहीत. पंचांपैकी एक तर म्हणू लागला, सही माझी, पण मी वाचलं नव्हतं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दादाने पंचनामा ठाणेदारांपुढे ठेवला. ठाण्याच्या मुन्शीने त्यांना तो हिंदीत सांगितला. मग साहेबांनी खालची सही पाहिली, वरचं अक्षर पाहिलं. "ये आपका लिखा है?" साहेबांनी टाक पुढे केला आणि दोन ओळी लिहून दाखवायला सांगितल्या. दादाने टाकाला हात लावला नाही. ते हुशार होते, तेवढ्यावरून समजले. आवाज न चढवता म्हणाले, "जमादार, ये कागज वापस ले लो. नौकरी रखो."

कागद तिथेच ठेवून दादा घरी आला आणि त्याने हे मला सांगितलं. मी काय म्हणाले ते लपवत नाही. मी म्हणाले, "घेऊन टाक मागं." मला कोठडीतला राखणदार दिसत नव्हता, मला खुंटीवरचा पट्टा दिसत होता.

"तू लेहलं थे खोटं होतं काय?" दादाने विचारलं.

"खरंच होतं. पण मी लेहलं हेच तं अंगलट येऊन राहिलं ना!"

"मंग खरं लेहलं थे मागं कसं घेतात, सांग. तू मास्तरीन हायेस."

मला असा संताप आला की पाण्याचा तांब्या मी खाली आपटला. आवाजासरशी दादा भिंतीला लागला. डोळे मिटलेले, तळवे भिंतीवर. ते पाहून मलाच रडू फुटलं. मी माफी मागितली नाही, त्यानेही मागू दिली नाही.

राखणदाराची बायको रोज ठाण्याबाहेर भाकरीचं फडकं घेऊन बसे. माझी शाळेची वाट तिथूनच. दोन दिवस मी मान खाली घालून गेले. तिसऱ्या दिवशी तिने मला हटकलं. "बाई, जमादाराचं तुम्हीच लेहता ना? माह्या माणसाचंबी लेहा."

मी विचारलं, "कोणं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले लागते? समद्या गावाले मालूम हाये."

सगळ्या गावाला माहीत होतं! नऊ-दहा वर्षं मी पुरुषी अक्षर काढत बसले होते, दार लोटून, आवाज बारीक करून, आणि टपरीवर हसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आणि त्यांच्यातल्या एकानेही दादाला ठाण्यात तोंडघशी पाडलं नव्हतं. ज्या तोंडांनी राखणदारासाठी शब्द काढला नाही, त्याच तोंडांनी आमच्यासाठीही शब्द काढला नव्हता. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. पण त्या बाईकडे मात्र मला पाहवेना.

त्याच संध्याकाळी मी छिंदवाड्याच्या मोठ्या पोलीस साहेबांना अर्ज लिहिला. माझ्या गोल अक्षरात, खाली माझं पूर्ण नाव, शाळेचं नाव. पहिल्या दिवशीचा पंचनामा दाबून ठेवला आहे, एक निरपराध माणूस कोठडीत आहे, तरी चौकशी व्हावी. दादाने तो वाचला आणि म्हणाला, "आता गेली बरं का वर्दी." मी म्हटलं, "मालूम हाये." तिकीट लावून मी तो स्वतः पेटीत टाकला.

जानेवारी संपता संपता बोलावणं आलं. सौंसरच्या कचेरीत मोठे साहेब स्वतः चौकशी करणार होते. आम्ही सकाळच्या मोटारीने निघालो. दोन्ही बाजूंच्या बागा पाणी सोडल्याने फुलून आल्या होत्या, मोटारीत वास भरला होता. दादा खिडकीशी बसला होता. लढाईहून आल्यापासून जे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं ते त्या मोटारीत, बाहेर पाहत, सांगितलं.

"पलटनीत धड मराठी लेहनारा मी एकलाच होतो. कोणी मेला का त्याच्या घरी पत्र मी लेहत होतो. साहेब सांगे, लेह, लगेच गेला, त्रास नाही झाला. मी त्याच्याजवळच राहत होतो ना बाई. मले मालूम होतं किती टाइम लागला त्याले." त्याने मांडीवरचा उजवा हात उलटा करून पाहिला. "लेहत गेलो. सारखंच लेहत गेलो. मंग एक दिवस हात चालेचना."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला. मी मात्र मनात ठरवूनच आले होते: साहेबांनी विचारलं तर शपथेवर सांगायचं, पंचनामा दादानेच लिहिला, अर्जाचं अक्षर वेगळं म्हणून तेवढा माझा. एकदा खोटं बोलून वर्दी राहत असेल तर मला पाप लागलं तरी चालणार होतं.

मोठे साहेब निवृत्तीला आलेले, मराठी बोलणारे. आधी त्यांनी पुतण्याला ऐकलं. त्याने जबानी घडाघडा म्हटली. "काका म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोट जुंप," इथवर तो आला आणि दाराशी उभा असलेला साहेबांचा चपराशी फिसकन हसला. तो सौंसरचाच. साहेबांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही जी," चपराशी घाबरला. "ताणात मोट म्हणून राहिले, म्हणून हासू आलं. ताणात कोणी पानी देते काय जी?"

इतके दिवस ज्या हसण्यावर मी जळत होते, त्याच हसण्याने कचेरीत तोंड उघडलं. साहेबांनी चपराशाकडून ताण म्हणजे काय ते सगळं समजून घेतलं. ठाणेदारांचा चेहरा उतरला. पण तेही मागे हटणारे नव्हते. त्यांनी पंचनामा पुढे केला आणि सांगितलं की बाग त्या दिवशी ताणावर होती याचा पुरावा हाच कागद, आणि हा कागद जमादाराच्या हातचा नाही. एक पंच फिरला आहे. बहीण घरी बसून लिहिते. जमादार लढाईत डोक्याने अधू झालेला आहे, दोन ओळी लिहू शकत नाही. यावर विश्वास कसा ठेवायचा?

साहेबांनी दादाला विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?"

मी उठत होते. दादा माझ्या आधी बोलला. "नाही साहेब. डोये माहे, हात हिचा."

"मग मी हा कागद कसा मानू?"

"नोका मानू. कोरा कागद द्या. आत्ता, तुमच्यापुढं लेहतो. दोनी ताडून पाहा."

त्याला टेबलाशी खुर्ची दिली. त्याने ती उचलून दाराकडे तोंड होईल अशी फिरवली आणि बसला. टाक घेतला. हात लागला थरथरायला. टाकाचं टोक कागदात रुतलं, शाई उडाली, पहिला कागद फाटला. त्याने दुसरा मागितला. डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं आणि एक एक अक्षर कोरू लागला. ओळी वर चढत होत्या, खाली घसरत होत्या. घाम नाकावरून कागदावर पडत होता. ठाणेदार खिडकीबाहेर पाहत होते. पुतण्या एकदा कंटाळून खाकरला तर साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा खाकरला नाही. सकाळचं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा दादाने टाक खाली ठेवला. मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा एवढा अभिमान वाटला नाही, आणि एवढी भीतीही कधी वाटली नाही.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले. माती, भेगा, पानं, मोट, जाळं, खूर. सगळं तसंच. मग त्यांचं बोट थांबलं. "इथे एक जास्त आहे. टाचेला लोखंडी नाल, आतल्या अंगाने झिजलेली. हे पहिल्या कागदात नाही."

"मी त्या दिवशी सांगतलं होतं," दादा म्हणाला.

सांगितलं होतं. मला आठवलं. ओळ लांबत होती, कागद संपत आला होता आणि बुटाच्या नालेत काय एवढं, म्हणून मीच ती गाळली होती. नऊ-दहा वर्षं मी स्वतःला त्याचा हात समजत होते, आणि त्याने पाहिलेलं असं किती मी आपल्या अकलेने छाटलं असेल कुणास ठाऊक. मी उभी राहिले आणि सांगितलं, "चूक माझी आहे साहेब. यांनी सांगितलं, मी लिहिलं नाही."

माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे बाकाकडे पाहत होते. पुतण्याने दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले होते.

पुढचं थोडक्यात. नाल तीच होती. तो म्हणाला, झटापट झाली, बाग नावावर करून द्या म्हणून मागे लागलो होतो, काकांचा तोल गेला. ढकललं की तोल गेला हे मला आजही माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं काम नव्हतं. राखणदार दोन दिवसांत सुटला. आमच्या ओसरीवर येऊन बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "साहेब, तुमची नोकरी जाते म्हणते लोक. माही तं गेलीच. बाग इकून राहिले त्याच्या घरचे." त्यावर दादा कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसला.

लोक म्हणाले ते खरं झालं. सौंसरहून निघतानाच साहेब दादाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुमच्यासारखा पाहणारा माणूस मी पाहिला नाही. पण आता हे माझ्यापुढे आलं, मला झाकता येत नाही." फेब्रुवारीत हुकूम आला. नोकरीस शारीरिकदृष्ट्या अपात्र. वर्दी आणि सामान ठाण्यात जमा करावं.

मी त्याच्याबरोबर गेले. त्याने मला नको म्हटलं नाही. सगळ्या रस्त्याने माणसं दुकानांतून पाहत होती आणि मी एकेकाच्या डोळ्याला डोळा देत चालले होते. आता बोला, असं माझं चाललं होतं. कुणी बोललं नाही. एका म्हाताऱ्या शिंप्याने दादाला रामराम घातला.

ठाण्यात मुन्शीने जमा सामानाची यादी हिंदीत तयार ठेवली होती. खाली सही केली की झालं. ठाणेदार स्वतः टेबलापाशी उभे होते; त्यांना हे लवकर आटपायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना लाजही वाटत होती. दादाने यादी वाचली आणि परत सरकवली.

"यादी मी लेहतो," तो म्हणाला. "माहं सामान हाये."

मुन्शीने ठाणेदारांकडे पाहिलं. ठाणेदारांनी कोरा कागद दिला. दादा बसला, डाव्या हाताने मनगट धरलं आणि मराठीत लिहू लागला. डगले दोन. टोपी एक. पट्टा एक, हे लिहून त्याने पट्टा कमरेचा सोडला आणि टेबलावर ठेवला. आता हा कोसळणार, असं वाटून मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो पुढची ओळ लिहू लागला. शिट्टीच्या जोडाक्षरावर टाक अडकला, हात जोरात उडाला, शाई सांडली. मी नकळत दोन पावलं पुढे झाले, टाक घ्यायला हात पुढे केला.

"बस तिथंच, बाई," दादा मान वर न करता म्हणाला.

मी भिंतीशी बाकावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. यादी अकरा ओळींची होती. तेवढा वेळ ठाणेदार उभेच होते आणि त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.